नुसता रंग मारू नका
वॉशिंग मशीनच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे आलेत, वरून रंग मारला तर चालेल का, असं एकाने विचारलंय. नाही चालणार. फुग्याखाली गंज पसरलेला असतो, पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा डोकं वर काढतो. आमचं घर रत्नागिरीला, समुद्राजवळ. खारी हवा आणि त्यात न्हाणीघरातली ओल, पत्रा टिकणार कसा! मी प्लग काढून फुगे खरवडले, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत 120 नंबरचा पॉलिश पेपर घासला (हात भरून येतात, पण इथे आळस नको), मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि तो वाळल्यावर एनॅमल. मशीन आता प्लास्टिकच्या स्टँडवर आहे.

ड्रममधले तपकिरी डाग मात्र वेगळे. ड्रम स्टेनलेसचा असेल तर बहुतेक वेळा खिशात राहिलेली सेफ्टीपिन किंवा केसातला आकडा हाच गुन्हेगार. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसा. तारेची घासणी नको, तिचे कण अडकून तेच गंजतात. ब्लीच तर अजिबात नको: लिंबूसत्त्वात मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि कपड्यांवरचा गंजाचा डाग त्याने उलट पक्का होतो.