दोन इमारतींत क्लस्टर : ओएम४ की सिंगल-मोड?

वर्धारोडवाला
कॅम्पसमधल्या दोन इमारतींत स्टोरेज क्लस्टरचा (एक बंद पडला तर दुसरा सांभाळेल अशी डिस्क-यंत्रणा) एकेक कंट्रोलर (डिस्क चालवणारा संगणक) बसवायचा आहे, डेटा दोन्हीकडे एकदमच लिहिला जाणार. नकाशावर अंतर ९५ मीटर, पोर्ट १६ जी (१६ गिगाबिट) फायबर चॅनलचे, म्हणजे स्टोरेज जोडायच्या जाळ्याचे. व्हेंडर म्हणतो, ओएम३ वर १०० मीटर चालतं, बसून जाईल (ओएम३, ओएम४ या कमी पल्ल्याच्या मल्टिमोड फायबर केबली). माझं मत, खोदायचंच आहे तर लांब पल्ल्याची सिंगल-मोड टाका.

हिशोबी
काहून भाऊ? केबल स्वस्त असेल, पण तिच्या टोकांना लागणाऱ्या लाँगवेव्ह एसएफपींच्या (पोर्टात बसणारे प्रकाशाचे मॉड्यूल) खर्चाचं काय? प्रत्येक कंट्रोलरला पलीकडचे डिस्क शेल्फही दिसायला हवेत, वर सगळं दुहेरी. मोजा किती एसएफपी लागतात ते. ओएम४ वर १६ जीला १२५ मीटर मिळतात. ९५ मीटरसाठी १० किलोमीटरचा माल घेणं म्हणजे सदरला जायला विमान!

फीतवाला
९५ मीटर कावळ्याचे. केबल तिसऱ्या मजल्यावरच्या रॅकमधून शाफ्टने खाली येणार, कडुनिंबाला वळसा घालून खंदकातून जाणार, पलीकडे पुन्हा वर चढणार. दोन्ही टोकांना जादा केबलची वेटोळी वेगळीच. आमच्याकडे फीत धरली तर नकाशाच्या जवळपास दुप्पट भरलं. शिवाय हे आकडे जोडण्यांचा लॉस (प्रकाशाची घट) दीड डीबी धरून दिलेले असतात. मधे पॅच पॅनल (केबल जोडायच्या पट्ट्या) वाढले की अंतर घटलंच.

हिशोबी
मग पोर्ट ८ जीवर चालवा. ओएम४ वर १९० मीटर.

फीतवाला
आणि पुढच्या खरेदीत ३२ जी आलं की त्याच ओएम४ वर १००. खंदक तोच राहणार, राजेहो! सिमेंट रस्ता पुन्हा कोण फोडू देणार?

मिहानकर
सिंगल-मोड टाकली की साहेब म्हणणार, दुसरं टोक सीताबर्डीला न्या. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १० किलोमीटर जाऊन-येऊन १००. प्रत्येक राइट तेवढा थांबणार, स्विचचा वेळ वेगळाच. त्यात बफर क्रेडिट (पोच येण्याआधी किती फ्रेम पाठवता येतात तो हिशोब) कमी पडले तर लाइन अर्धी रिकामी. तेव्हा एसएफपीला दोष देऊ नका.

हिशोबी
दुसरा मार्ग कुठून आहे ते कोणी विचारलंच नाही. केबलच्या दोन्ही जोड्या एकाच खंदकात असल्या तर जेसीबी दोन्ही एकदमच उचलेल.

वर्धारोडवाला
दुसरा पार्किंगच्या मागून, लांबचा. उद्या दोन्हींवर फीत धरतो. लांबचा मार्ग वेटोळ्यांसकट १२५ च्या आत बसला तर ओएम४ ला माझी ना नाही.

फीतवाला
नाही बसणार. लावता पैज?