क्योल्न की ड्युसेलडॉर्फ : तिथे राहिलेल्यांचे अनुभव

"नोकरी ड्युसेलडॉर्फला मिळाली आहे, पण घर क्योल्नला घेतले तर चालेल का?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात तीन मराठी कुटुंबांनी मला विचारला आणि तिघांनाही मी निरनिराळी उत्तरे दिली. म्हणून जर्मनीतल्या या दोन शहरांत, म्हणजे क्योल्न (इंग्रजीत कोलोन) आणि ड्युसेलडॉर्फ इथे, राहिलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करतो.

ऱ्हाईन नदीकाठची ही दोन शहरे एकमेकांपासून जेमतेम ४० किलोमीटरवर आहेत आणि 'सख्खे शेजारी, पक्के वैरी' ही म्हण त्यांना तंतोतंत लागू पडते. क्योल्न रोमन काळापासूनचे, दहा लाखांहून अधिक वस्तीचे. ड्युसेलडॉर्फ त्याहून बरेच लहान. तरीही १९४६ मध्ये ब्रिटिशांनी नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया हे राज्य स्थापले, तेव्हा राजधानीचा मान धाकट्याला मिळाला आणि थोरल्याने ती गोष्ट अद्याप मनातून काढलेली नाही. ड्युसेलडॉर्फच्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात मी क्योल्नला राहतो असे सांगितले, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे सहकारी अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्या निषिद्ध नगरीतून येता तर!" ती थट्टा होती, हे कळायला मला दोन दिवस लागले.

घर शोधणे मात्र थट्टेचे नव्हते. भाडे दोन्हीकडे चढेच आहे. क्योल्नला दोन खोल्यांचे घर पाहायला गेलो की जिन्यात पगाराच्या पावत्या हातात घेतलेल्या माणसांची रांग तिसऱ्या मजल्यापर्यंत लागलेली असे, आणि सात महिने मी त्या रांगांत उभा राहिलो. शेवटी काल्कमध्ये घर मिळाले, म्हणजे नदीच्या उजव्या तीरावर, ज्याला क्योल्नकर 'शेल झिक', अर्थात चुकीची बाजू म्हणतात. किल्ली घेऊन आत गेलो तर स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेल्या दोन नळ्या आणि एक विजेची जोडणी, एवढेच होते. ओटा, कपाटे, सिंक हे सगळे आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेला होता, कारण इथे बहुतेक वेळा तशीच रीत आहे. तीन आठवडे आम्ही न्हाणीघरात भांडी घासली. तेव्हा घर पाहताना स्वयंपाकघर भाड्यात धरले आहे का, हे आधी विचारावे. शहर कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.

*क्योल्न विद्यापीठात शिकलेल्या एका ताईंचा अनुभव :*

माझी खोली त्सुल्पिशर श्ट्रासेपासून दोन गल्ल्या आत होती आणि तिथे राहणे म्हणजे काय, हे मला पहिल्या ११ नोव्हेंबरला समजले. सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी आमच्या भागात वाघ, नन आणि समुद्री चाचे यांची सोंगे घेतलेल्यांची एवढी गर्दी झाली की अडथळ्यांपाशी पोलिसांना पत्ता दाखवून मला स्वतःच्या घरी जावे लागले. घरमालकीणबाईंनी दारातच मला सांगून ठेवले की इथे कार्निव्हलची आरोळी म्हणून 'अलाफ' म्हणायचे असते, 'हेलाउ' हा पलीकडच्या गावचा, म्हणजे ड्युसेलडॉर्फचा, शब्द आहे आणि तो या जिन्यात चालणार नाही. त्या ७० वर्षांच्या होत्या आणि अजिबात हसत नव्हत्या.

मी शाकाहारी असल्याने तिथल्या पारंपरिक बिअरगृहांत जाणे वर्षभर टाळले, कारण खाद्ययादीत ठळकपणे 'हाल्वे हान', म्हणजे अर्धा कोंबडा, असे लिहिलेले असे. नंतर कळले की तो पदार्थ म्हणजे राय पिठाचा पाव, चीजचा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा; कोंबड्याचा त्यात काहीच संबंध नाही. तिथला वाढपी ०.२ लिटरचे ग्लास न मागता आणून ठेवतो आणि आपण बिअरखालचा पुठ्ठा ग्लासावर झाकेपर्यंत थांबत नाही. जेवताना 'पुरे' म्हणूनही वाढत राहणाऱ्या आमच्या आत्याची मला तिथे फार आठवण येई. एकट्या मुलीला या शहरात ओळखी लवकर होतात. त्या खोलवर जातातच असे मात्र नाही.

*ड्युसेलडॉर्फच्या बिल्क भागात सहा वर्षे राहिलेल्या एका गृहिणीचा अनुभव :*

आमच्या शहराला लोक दिखाऊ म्हणतात. क्योनिग्सआलेवरची दुकाने पाहिली तर ते खोटेही वाटत नाही, पण मी त्या रस्त्यावर वर्षातून दोनदा गेले असेन. माझे ड्युसेलडॉर्फ म्हणजे इमरमानश्ट्रासे. १९५० च्या दशकापासून जपानी कंपन्या इथे येत गेल्या, त्यांच्यामागून कुटुंबे आली आणि स्टेशनजवळच्या त्या रस्त्यावर त्यांची दुकाने उभी राहिली. कोशिंबिरीसाठी लांब पांढरा मुळा, भरल्या वांग्यांसाठी लहान वांगी, रताळी हे सगळे मला तिथे आणि आसपासच्या आशियाई दुकानांत मिळत गेले. पहिल्या गणपतीला मात्र फजिती झाली. तांदळाच्या पिठाच्या दोन एकसारख्या पिशव्यांतली हिरव्या अक्षरांची पिशवी मी उचलली. ते चिकट तांदळाचे पीठ निघाले आणि उकड हाताला डिंकासारखी चिकटून बसली. लाल अक्षरांची घ्यायची असते, हे त्यानंतर मी नव्याने आलेल्या प्रत्येकीला सांगते.

मुले लहान असतील तर नदीकाठचा फिरण्याचा रस्ता हे मोठे सुख आहे. १९९३ पासून वाहने तिथे जमिनीखालच्या बोगद्यातून जातात आणि वर सायकली चालतात. शेजारी नम्र, पण अंतर राखून असतात. तिसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी चहाला बोलावले, तेही चार आठवडे आधी तारीख ठरवून.

*क्योल्नच्या पोर्झ भागातील एका सद्गृहस्थांचा अनुभव :*

क्योल्न-बॉन विमानतळावर मालवाहू विमाने रात्रभर उतरतात. ड्युसेलडॉर्फला रात्रीच्या उड्डाणांवर कडक बंधने आहेत. घर दिवसा पाहिले, तेव्हा हे आम्हाला कोणी सांगितले नाही. करार करण्यापूर्वी एकदा रात्री बारा वाजता त्या गल्लीत उभे राहून यावे.

*क्योल्नच्या उत्तर टोकाला वोरिंगनमध्ये राहून ड्युसेलडॉर्फला नोकरी करणाऱ्या एकांचा अनुभव :*

मी जिथे राहतो, तिथेच हे भांडण सुरू झाले, असे लोक मानतात. १२८८ मध्ये वोरिंगनच्या लढाईत क्योल्नचे नागरिक आपल्याच आर्चबिशपविरुद्ध शेजारच्या बेर्ग प्रांताच्या सरदाराच्या बाजूने लढले. त्या विजयाने क्योल्न आर्चबिशपच्या सत्तेतून सुटले आणि त्याच वर्षी बेर्गच्या सरदाराने ड्युसेलडॉर्फला शहराचा दर्जा दिला. म्हणजे दोघांचेही भले एकाच लढाईने, तेही एकाच बाजूला उभे राहून झाले. हे मी दोन्हीकडच्या मित्रांना सांगून पाहिले आहे आणि कोणालाही ते ऐकायला आवडत नाही.

मला खरा जाच झाला तो तिकिटांचा, कारण दोन शहरांच्या मध्ये दोन वाहतूक संघांची हद्द आहे आणि पूर्वी ती ओलांडणारा पास महाग पडे. मे २०२३ मध्ये ४९ युरोंचे देशभर चालणारे मासिक तिकीट आले, तेव्हापासून किंमत वाढत गेली असली तरी तो हिशेब संपला. आता त्रास फक्त उशिरांचा. कार्निव्हलमधल्या 'बायकांच्या गुरुवारी' कचेरीतल्या बायका पुरुषांचे टाय कापतात, म्हणून मी वर्षातून एकदा बायकोने बाजूला काढून ठेवलेला जुना टाय घालून जातो. संध्याकाळच्या एस ११ या लोकल गाडीत ड्युसेलडॉर्फहून निघताना डब्यात 'हेलाउ' चाललेले असते, मध्येच कुठे तरी 'अलाफ' सुरू होते आणि मी अर्धा टाय गळ्यात घेऊन, कोणालाच उत्तर न देता, माझ्या स्टेशनवर उतरतो.