जार फाईल माझ्याकडे चालते, बाकीच्यांकडे नाही

अर्धविराम: मंडळी, मदत हवीय. जावाच्या स्विंगमध्ये (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) नोंदी ठेवायचं एक छोटं सॉफ्टवेअर बनवलंय, जेडीके १७ (जावाचं डेव्हलपर किट) वर. एकदा लिहा कुठेही चालवा म्हणतात म्हणून जार (जावा प्रोग्रॅमची एकत्र बांधलेली फाईल) बनवली आणि विंडोज, मॅक, लिनक्सवाल्या सात-आठ जणांना पाठवली. आता एकाकडे डबल क्लिक केलं की फाईल अनझिप करायचं सॉफ्टवेअर उघडतं, एकाकडे क्लास फाईल (कंपाईल झालेला कोड) व्हर्जन ६१ चालणार नाही, ५२ पर्यंतच चालेल अशी एरर येते, आणि लिनक्सवाल्याकडे तर काहीच होत नाही, एरर पण नाही. प्रत्येकाला जावा टाकायला सांगत बसायचं का?

खिडकीपाशी: ६१ म्हणजे जावा १७ आणि ५२ म्हणजे जावा ८, त्याच्याकडे जुना जावा पडून आहे एवढंच. कंपाईल करताना रिलीज ८ दिलंत तर त्याचं काम होईल, पण कोडमध्ये रेकॉर्ड वगैरे नव्या जावातल्या गोष्टी वापरल्या असतील तर कंपाईलच होणार नाही. लिनक्सवाल्याला सांगा टर्मिनलमधून चालवून बघ, डबल क्लिक केल्यावर स्विंगच्या थ्रेडमध्ये एक्सेप्शन आलं तरी ते दिसायला समोर काही नसतं (विंडोजवर पण तेच, तिथे जावाडब्ल्यू चालतं, त्याला मेसेज दाखवणारा कन्सोल नसतो).

अर्धविराम: त्याने फोल्डरमध्ये जाऊन टर्मिनलमधून चालवलं तर व्यवस्थित चाललं! डबल क्लिकने मात्र नाहीच. डोकं चालेना.

खिडकीपाशी: सेटिंगची फाईल नुसत्या नावाने उघडताय का? मग तेच कारण. टर्मिनलमधून चालवलं तेव्हा चालू फोल्डर जारचं होतं, डबल क्लिकला बहुतेक होम फोल्डर असतं, तिथे फाईल कुठून सापडणार. युजर होममध्ये स्वतःचं फोल्डर करून त्यात ठेवा.

साखळीदुवा: हे आधी दुरुस्त कराच, कारण उद्या इन्स्टॉलर बनवलात आणि प्रोग्रॅम फाईल्समध्ये गेलं की तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, म्हणजे हाच घोळ विंडोजवर होणार.

आणि लोकांना जावा टाकायला लावूच नका हो, वापरणाऱ्याला जावा काय हे कळायची गरजच नाही. जेपॅकेज (इन्स्टॉलर बनवायचं टूल) वापरा, जावा १६ पासून जेडीकेमध्येच पक्कं आलंय, रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारा जावा) सोबतच जातं. फक्त ज्या सिस्टिमचा इन्स्टॉलर हवा त्याच सिस्टिमवर बनवावा लागतो, विंडोजला वीक्स हे वेगळं टूल लागतं, आणि मॅकवर कॅटालिनापासून अ‍ॅपलचं नोटरायझेशन (त्यांनी तपासल्याची मोहोर) नसेल तर गेटकीपर ही मॅकची सुरक्षा अडवते.

साईझ वाढते म्हणून जेलिंक या टूलने रनटाइममधली नको ती मॉड्यूल छाटायला जाल तर जपून. मी जेडेप्सने (कोडला कुठली मॉड्यूल लागतात ते सांगणारं टूल) दिलेली मॉड्यूलची यादी जशीच्या तशी टाकली होती, माझ्या मशीनवर सगळं झकास, पण छाटलेल्या रनटाइमवर काही सर्व्हरना एचटीटीपीएस हँडशेकच फेल, आणि तारखांमधले महिने इंग्रजीत. क्रिप्टो ईसी (एचटीटीपीएसच्या एन्क्रिप्शनसाठी) आणि लोकेल डेटा (इतर भाषांतल्या तारखांसाठी) ही दोन मॉड्यूल कोडमधून थेट बोलावली जात नाहीत, रनटाइम ती स्वतः शोधतं, म्हणून जेडेप्सला दिसत नाहीत. १७ वर दोन्ही हाताने घाला.

अर्धविराम: फाईलचा पाथ बदलला, लिनक्सवर डबल क्लिकने चाललं! आता विंडोजसाठी जेपॅकेज करतोय. जेलिंकची छाटणी सध्या नकोच, आधी सगळ्यांकडे उघडू दे.