तुमच्या वस्तीत रात्री निर्धास्त वाटतं का? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

गच्चीवरची
काल कुलरची खस बदलायला आलेला दादा जाता जाता म्हणाला, "ताई, या खिडकीले आतून जाळी लावा. कुलर सरकवला की माणूस सरळ आत येते." ऐकलं आणि लहानपणीची हुडकेश्वरची रात्र जशीच्या तशी आठवली. मे महिना, अख्खा लेआऊट गच्चीवर झोपलेला. सकाळी आई खाली गेली आणि तिथूनच ओरडली. चोरांनी कुलर खिडकीतून काढून ओट्यावर ठेवला होता, तोही इतका अलगद की टाकीतलं पाणी सांडलं नव्हतं. आजीची एकदाणी गेली ती गेलीच. त्यानंतर आमच्या गल्लीत ठरलं: कोणी गावाला जाणार असेल तर समोरच्या घरी सांगून जायचं आणि बाहेरचा दिवा त्यांनी लावायचा. आज माझ्या फ्लॅट स्कीममध्ये समोर कोण राहतं हे निम्म्यांना माहीत नाही, याची मला खरंच काळजी वाटते. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?

सावजी_रस्सा
नंदनवनला आमच्या मामाकडे अगदी हेच. कुलरच्या आवाजात काही ऐकूच येत नाही ना. उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि लग्नसराई, घरफोडीवाल्यांचा सीझन हाच.

अजनीवाला
आईची पोत ओढली, त्रिमूर्तीनगर, सकाळी सकाळी. देवासाठी फुलं तोडत होती. दोघं बाईकवर, मागच्यानं पत्ता विचारला. मानेवरचा वळ पंधरवडाभर होता. ठाण्यात गेलो तर म्हणे "गहाळ झाली असं लिहून द्या, लवकर काम होईल". मी अडून बसलो. गहाळ आणि हिसकावणं यात फरक आहे, साहेब. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 304 आहे, हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कलम माहीत असलं की समोरचा नीट लिहून घेतो. आणि घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाली म्हणून कोणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर मागा, हक्क आहे तो.

संत्राबर्फी
गच्चीवरची, खस कुठून आणली? गोकुळपेठेत भाव ऐकून परत आले.

आकडेमोड
अजनीवालांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. दरवर्षी एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाचा अहवाल आला की "नागपूर क्राइम कॅपिटल" सुरू होतं. पण तो दर म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे *नोंदवलेले* गुन्हे. गहाळ लिहिलं की दर खाली, गुन्हा नोंदवला की वर. त्यात महानगरांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची धरतात. तेव्हाचं बेसा-बेलतरोडी आठवा, शेतं होती. म्हणून मी आकडा बघतो, पण आधी गुन्ह्याचा प्रकार बघतो. घरफोडी वेगळी, खून वेगळा, दारूबंदीच्या केसेस वेगळ्या.

सावजी_रस्सा
@संत्राबर्फी इतवारीत बघा, सकाळी जा.

उत्तरेकडची
तुम्ही सगळे चोऱ्यांचं लिहून राहिले. मी जरीपटक्याजवळ वाढले. कस्तुरबानगरचं नाव घेतलं की आमच्या घरी अजून आवाज खाली येतो. तिथे बायांना छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला 13 ऑगस्ट 2004 ला जिल्हा न्यायालयात, भर कोर्टरूममध्ये बायांनी मारलं, ते देशभर छापून आलं. त्याच्या आधीची वर्षं कोणी छापली नाहीत. आम्हा पोरींना दिवेलागणीनंतर नळावरसुद्धा एकटीला पाठवत नसत. तक्रारी करून झाल्या होत्या बायांच्या. 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले, तेव्हा माझी आई रडली आणि देवापुढे साखर ठेवली. जे झालं ते बरोबर की चूक यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. मला एवढंच विचारायचं असतं, वस्तीतल्या बायांना तिथपर्यंत एकटं का जाऊ दिलं?

गच्चीवरची
ताई, वाचून अंगावर काटा आला. लिहिलंत हे बरं केलंत.

नाईटड्यूटी
मी मेडिकलला नर्स आहे. रात्री परतताना माझा आधार म्हणजे मानेवाडा रोडवरचे चालू पानठेले आणि चहावाले. अकरानंतर बंद करायला लावतात, मग रस्ता एकदम सुना. दिवे असतात, माणूस नसतो.

प्रतापनगरकर
पानठेला आणि आधार? आमच्या कोपऱ्यावर त्याच ठेल्यावर पोट्टे बसतात आणि मुलींना बोलतात. आम्ही तक्रार करून हटवला.

नाईटड्यूटी
दादा, तुमचं खरं असेल. पण आमच्या ठेलेवाल्या काकांनी एकदा माझ्यामागे येणाऱ्या गाडीला हटकलं होतं, हातात कात्रीच होती त्यांच्या, सुपारीची. ठेल्यावर कोण बसतं त्यापेक्षा तो कोण चालवतो ते बघावं. आणि 112 लावा सगळ्यांनी, चार्ली म्हणजे बाईकवरचे गस्तीचे पोलीस येतात. आमच्याकडे लवकर आले होते.

महालकर
मार्च 2025 च्या दंगलीनंतरची संचारबंदी आमच्या इथे, महालात लागली होती. माझ्या बाबांची इन्शुलिन संपत आलेली. मागच्या गल्लीतल्या मुस्लिम मेडिकलवाल्यांनी शटर अर्धं वर करून दिली, पैसे नंतर द्या म्हणाले. टीव्हीवर आमचा चौक पाहून नातेवाईक फोन करून राहिले होते, "तिथून निघा". कुठे निघायचं? घर आहे आमचं.

संत्राबर्फी
महालकर 🙏

पतंगबाज_नाही
थोडं अवांतर, पण सुरक्षेचंच आहे. संक्रांतीच्या आसपास दुचाकीवर गळ्याला जाड मफलर बांधा, लेकरांना पुढे उभं करू नका. नायलॉन मांजावर बंदी आहे, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं किती वेळा झापलं, तरी गल्लीत मिळतोच. माझ्या भाच्याला भुवईवर टाके पडले. चोरापेक्षा मला त्या मांजाची भीती जास्त.

प्रतापनगरकर
शंभर टक्के. विकणाऱ्यांची नावं वस्तीत सगळ्यांना माहीत असतात, ती कळवायला हवीत.

यवतमाळची_आई
उशिरा लिहिते, सैपाक चालू होता. मुलगी बारावी झाली, क्लाससाठी नागपूरला पाठवायची आहे. हे सगळं वाचून यांनी लगेच "नको" म्हटलं. मला पाठवायचीच आहे. शंकरनगर, धरमपेठ की नंदनवन?

नाईटड्यूटी
पाठवा ताई. क्लास सुटतो त्या वेळेला, म्हणजे रात्री साडेआठ-नऊला, क्लासपासून होस्टेलपर्यंत तुम्ही स्वतः पायी चालून बघा. दिवसा सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. होस्टेलच्या मालकीणबाई तिथेच राहतात का, तेही विचारा.

उत्तरेकडची
धरमपेठला माझ्या ओळखीच्या काकू मुली ठेवतात, मेससकट. फार कडक आहेत. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

यवतमाळची_आई
करा ताई. कडकच हव्यात. रविवारी येतोच आम्ही दोघं.