सोलापुरात गेमिंग पीसी जुळवतोय, कोटेशन बघून सांगा

पूर्वभाग_वरचा_मजला

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच स्वतःचा पीसी जुळवतोय. अशोक चौकाच्या बाजूला घर आहे, खाली वडिलांचे माग, वर आम्ही. माझी खोली गच्चीला लागून, वर पत्रा. बजेट ७५ हजार. मॉनिटर त्यात नाही, चुलतभावाचा २४ इंची, १०८० पी, १४४ हर्ट्झचा मिळालाय.

रोज व्हॅलोरंट खेळणार. सायबरपंक २०७७ एकदा तरी नीट खेळायचाय, आत्तापर्यंत दुसऱ्यांचे व्हिडिओच बघत आलो. काम म्हणाल तर टॅली आणि एक्सेल, सध्या जीएसटीची रिटर्नं भरायला शिकतोय, त्याला काही लागत नाही.

गावातल्या एका दुकानातून हे कोटेशन मिळालं, जसंच्या तसं उतरवतो: प्रोसेसर आय-५ १२ वी जनरेशन, बोर्ड एच ६१०, रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२, ग्राफिक कार्ड ८ जीबी, एसएमपीएस ४५० वॅट, कॅबिनेट आरजीबी काचेचा. फिटिंग फ्री.

मामांच्या ऑफिसातला एक जुना ब्रँडेड पीसी घरी पडून आहे. त्यात ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक आहेत, २६६६ लिहिलंय. त्या चालतील का? एएमडी घेऊ की इंटेल? मावशी सिकंदराबादला राहते, तिकडच्या मार्केटातून माल आणला तर फायदा होईल का? आणि लिक्विड कूलर लागेल का? आमच्याकडे मे महिन्यात खोलीत बसवत नाही.

सातरस्ता_किंग

लिक्विड कूलर घेलालास होय बे? इथं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय, ते प्यायचं का प्रोसेसरला घालायचं?

(गंमत करतोय. खाली ब्लोअरवाले अण्णा येतीलच, त्यांचं ऐक.)

जुळेसोलापूर_ते_कोथरूड

आत्ता नवीन घ्यायचंच आहे तर जुन्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे जुन्या प्रोसेसर-बोर्ड-रॅमच्या जोडणीवर, पैसे घालू नकोस असं माझं मत. एएमडीचा रायझन ५ ७६००, बी ६५० बोर्ड आणि डीडीआर५ रॅम घे. या बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या एएम५ सॉकेटला किमान २०२७ पर्यंत सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढे बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल. इंटेलच्या १२ व्या जनरेशनचं सॉकेट १४ व्या जनरेशनला संपलेलं आहे. मी पुण्यात हेच जुळवलं आणि मजेत आहे. कार्ड सुरुवातीला थोडं हलकं घेतलंस तरी चालेल, नंतर बदल.

ब्लोअरवाला

कोटेशन वाचलं. त्यात जे लिहिलेलं नाही ते आधी बघू.

'ग्राफिक कार्ड ८ जीबी' म्हणजे नक्की कोणतं? २०१७ सालचं आरएक्स ५८० पण ८ जीबीत येतं, आरटीएक्स ३०५० पण येतं आणि ४०६० पण ८ जीबीच आहे. तिघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. जीबीवरून कार्ड ओळखायला गेलास की फसलास. मॉडेल, कंपनी, वॉरंटी किती वर्षं आणि ती कोण देणार, सगळं कोटेशनवर लिहून घे. लिहायला का-कू करणाऱ्याच्या दुकानातून उठायचं.

एसएमपीएसचंही, म्हणजे पॉवर सप्लायचंही, तेच. बॉक्सवरचा आकडा सोड, डबा उलटा करून स्टिकर वाच. +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात, त्याला १२ ने गुण. बिननावाच्या ४५० वॅटवाल्यावर तिथे १६ अँपिअर लिहिलेले मी बघतो. झाले १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्याच १२ व्होल्टवर जगतात, बाकीचे वॅट नुसते सांगायला. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या सप्लायवर त्या रकान्यात ४० च्या वर आकडा दिसेल. तो घे, कमी वीज वाया घालवण्याचं ब्राँझ सर्टिफिकेट असलेला. कुठे काटकसर करायचीच असेल तर आरजीबीच्या रंगीत दिव्यांत कर, इथे नको.

आता प्लॅटफॉर्म. पुण्याच्या ताईंचं म्हणणं एरवी मी पण मान्य केलं असतं. पण रॅमचा बाजार बघा ताई. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि २०२५ च्या शेवटापासून भाव पेटले. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या क्रुशल ब्रँडचा किरकोळ धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत याच्या घरात १६ जीबी डीडीआर४ फुकट पडलीय. एएम५ वर डीडीआर४ बसतच नाही. म्हणजे पडलेली रॅम पडू द्यायची, महाग रॅम विकत आणायची आणि त्यासाठी कार्ड हलकं करायचं. गेम कार्डावर चालतो. मला नाही पटत.

मग डीडीआर४ वर रायझन ५६०० की १२ वी जनरेशन? स्टिक ३२०० किंवा ३६०० च्या असत्या तर ५६०० म्हटलं असतं. तुझ्या २६६६ च्या आहेत आणि रायझनचं आतलं फॅब्रिक, म्हणजे त्याचे भाग जोडणारा रस्ता, रॅमच्या वेगाला बांधलेलं असतं, रॅम हळू तर तेही हळू. इंटेलला हा त्रास कमी. म्हणून आय-५ १२४००. बोर्ड बी ६६०, आणि नावात डीडीआर४ किंवा डी४ आहे ना ते बघून घे. त्याच नावाचा डीडीआर५ वाला बोर्डही मिळतो, आणि त्यात तुझी रॅम शिरणार नाही.

पण थांब, आधी पट्टी घेऊन स्टिक मोज. ऑफिसच्या छोट्या डब्यांत कधीकधी लॅपटॉपवाली रॅम असते. सव्वापाच इंच भरली तर डेस्कटॉपची. अडीच-पावणेतीन इंच भरली तर ताईंचं ऐक, माझं सगळं गणित कोसळलं. जुन्या डब्याचा कॅबिनेट आणि सप्लाय वापरायच्या भानगडीत पडू नकोस, ब्रँडेड ऑफिस पीसीचे कनेक्टर बहुतेक वेळा त्यांचे स्वतःचे वेगळेच असतात.

१२४०० च घे, १२४०० एफ नको. एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये डिस्प्ले नाही. पुण्या-मुंबईत लोक एफ घेऊन पैसे वाचवतात ते ठीक आहे. आपल्याकडे कार्ड बिघडलं की ते कुरियरने बाहेरगावी जातं आणि कधी येईल ते त्याच्या मनावर. तोवर एफवाल्याचा मॉनिटर काळा. तुझी टॅली, रिटर्नं सगळं अडकणार. साध्या १२४०० वर निदान काम चालू राहतं.

कार्ड: नवीन ४०६० मिळालं तर ते, नाहीतर ५०६०. तुझ्या मॉनिटरला दोन्ही पुरून उरतात. मी वॅट बघून सांगतोय. ४०६० जास्तीत जास्त ११५ वॅट घेतं, ५०६० घेतं १४५. जेवढे वॅट कार्ड खातं तेवढी उष्णता तुझ्या पत्र्याच्या खोलीत येते. यूट्यूबवाले एसीत २२ डिग्रीला टेस्ट करून '६८ डिग्री, एकदम मस्त' म्हणतात. तुझी खोली मे महिन्यात ३८ ला असेल तर त्यात सरळ १५-१६ मिळव. चालेल, मरणार नाही, पण फॅन बोंबलणार. जुनं कार्ड स्वस्तात घ्यायचा मोह झाला तर एवढं ध्यानात ठेव: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि तेव्हाची दिवसरात्र राबलेली कार्डं अजून हातोहात फिरतायत.

लिक्विड कूलर नको. ६५ वॅटच्या प्रोसेसरला एक साधा टॉवर एअर कूलर भरपूर.

आता खरा मुद्दा, जो तुला कुठल्याच व्हिडिओत मिळणार नाही. तुझ्या खाली माग आहेत. मी मागवाल्यांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर बघतो, त्यामुळे सांगतो. साध्या घरात कॅबिनेटमध्ये धूळ बसते, ती ब्लोअर मारला की उडते. मागाच्या घरात सुताचे तंतू असतात. ते हिटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये आडवे अडकतात, एकावर एक बसत जातात, आणि फॅन काढून बघितलं की चादरीचा तुकडा निघावा तसा करडा थर अख्खाच्या अख्खा हातात येतो. ब्लोअरने तो हलत नाही, चिमट्याने ओढावा लागतो. वरून फॅन व्यवस्थित फिरत असतो, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं बरोबर आहे.

त्यामुळे काचेच्या तोंडाचा कॅबिनेट रद्द. पुढे जाळी असलेला घे, आणि जाळीमागचा फिल्टर हाताने निघणारा पाहिजे, स्क्रू काढावे लागले तर तू तो कधीच काढणार नाहीस. पुढे दोन फॅन आत हवा ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की ती फटीफटीतून बाहेर ढकलली जाते आणि तंतू फक्त फिल्टरवर अडतात. फिल्टर दर रविवारी जुन्या टूथब्रशने झाडायचा. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नकोस. आणि उन्हाळ्यात खोलीत पाण्याचा कूलर लावत असशील तर त्याच्या तोंडासमोर तर अजिबात नको. तंतूंना ओल लागली की त्याचा लगदा होऊन थापला जातो, तो मग चिमट्यालाही दाद देत नाही.

अर्थिंग बघ. पीसी लावायच्या आधी. जुन्या घरांत तीन पिनांचा बोर्ड दिसतो पण तिसऱ्या भोकात वायरच नसते.

हैदराबादचं म्हणशील तर भावात फरक पडेल, पण वॉरंटीला परत तिकडेच पाठवावं लागेल का ते आधी विचार. कार्ड आणि प्रोसेसर तिकडून आणला तर हरकत नाही. एसएमपीएस आणि बोर्ड गावातूनच घे, ज्याच्या दुकानात जाऊन उभं राहता येतं त्याच्याकडून. बिल पक्कं, आणि तुझ्या नावाचं. वडिलांच्या जीएसटी नंबरवर घेऊन क्रेडिट मारायचं डोक्यात असेल तर तू रिटर्न शिकतोयस, तुलाच माहीत असायला पाहिजे की घरच्या खेळण्यावर ते मिळत नाही.

पूर्वभाग_वरचा_मजला

अण्णा, पायाच पडतो. क्रेडिटचं डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू. वडिलांना तुमचं वाचून दाखवलं तर ते हसत बसले.

स्टिक मोजल्या, सव्वापाच भरल्या. दुकानात परत गेलो होतो. कार्डाचं मॉडेल विचारल्यावर 'आरएक्स ५८०, पण एकदम न्यू पीस' म्हणाले.

अर्थिंगचं विचारायचंय. तो जुना पीसी चालू करून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला तर बारीक दिवा लागतो. अनवाणी हात लावला की मुंग्या येतात. सप्लाय खराब आहे का? आणि आमच्याकडे घराचा इन्व्हर्टर आहे, वेगळा यूपीएस घ्यायची गरज आहे का?

सातरस्ता_किंग

न्यू पीस! २०१७ सालचा!

ब्लोअरवाला

सप्लाय खराब नाही, तुझ्या बोर्डात अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत मेनच्या दोन्ही वायरींपासून बॉडीकडे जाणारे बारके कपॅसिटर असतात, नॉइज अर्थमध्ये सोडायला. अर्थच नसली की बॉडी २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी थोडा, म्हणून मुंग्याच येतात. पण मॉनिटरची केबल काढता-घालताना तोच झटका कार्डाच्या पोर्टला बसू शकतो. वायरमनला बोलावून त्या पॉइंटला खरी अर्थ ओढून घे. खाली मागाच्या मोटरांना अर्थ पिट असणारच, तिथून वर आणता येते का ते त्याच्याकडून तपासून घे. न्यूट्रलला जोडून 'झालं अर्थिंग' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नकोस, ते जिवावरचं आहे.

इन्व्हर्टर साइनवेव्ह आहे की स्क्वेअरवेव्ह ते आधी बघ. स्क्वेअरवेव्ह असेल तर त्यावर पीसी नको, आताचे चांगले सप्लाय त्यावर कुरकुरतात, काही बंदच पडतात. साइनवेव्ह असेल तर मागे यूपीएस आणि इको असा स्विच असतो, तो यूपीएसवर पाहिजे. लाइट गेल्यावर सप्लाय आपल्या पोटातल्या चार्जवर फुल लोडला साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात इन्व्हर्टरने पकडलं तर गेम चालू राहतो, इकोवर त्याला जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. वेगळा यूपीएस घ्यायचाच झाला तर ६०० व्हीएचा नको, तो जेमतेम ३६० वॅटचा असतो. १००० व्हीएचा बघ.

जुळेसोलापूर_ते_कोथरूड

स्टिक खरंच डेस्कटॉपच्या निघाल्या तर मी माघार घेते, या भावात फुकटची १६ जीबी सोडणं वेडेपणा आहे. तीन वर्षांनी अख्खा बोर्ड बदलावा लागेल तेव्हा मात्र माझी आठवण काढ.

व्हॅलोरंटसाठी एक: विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही सेटिंगं चालू लागतात. इंटेलच्या बोर्डावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, टीपीएम हे पीटीटी नावाने असतं. विंडोज टाकायच्या आधीच दोन्ही चालू करून घे, नाहीतर गेम उघडताना एरर येते आणि माणूस कार्डाला शिव्या घालत बसतो. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लाव, बोर्डाला नको. १२४०० मध्ये डिस्प्ले आहे म्हणून मुद्दाम सांगते. चुकून बोर्डाला लावलीस तरी चित्र येतं, आणि मग '४०६० घेऊनही गेम अडकतोय' म्हणून इथे नवीन धागा निघतो.

पूर्वभाग_वरचा_मजला

लक्षात ठेवतो ताई. इन्व्हर्टर साइनवेव्हच आहे, स्विच इकोवर होता, आत्ता फिरवला. वायरमन शनिवारी येतोय. ५१२ ची एसएसडी १ टीबी करू का?

ब्लोअरवाला

कर. सायबरपंक एकटा ७० जीबी जागा मागतो. जेन ३ ची, म्हणजे थोड्या जुन्या वेगाची चालेल, जेन ४ साठी जास्तीचे पैसे देऊ नकोस.

आणि बोर्ड घेताना काउंटरवरच सॉकेटचं प्लॅस्टिकचं झाकण उचलून मोबाइलचा टॉर्च मारून पिना बघ. इंटेलच्या पिना बोर्डात असतात. सगळ्या एका रांगेत सारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी काळी किंवा तिरकी दिसली तर तो पीस घेऊ नकोस, वाकलेल्या पिनेला वॉरंटी देत नाहीत. फोटो काढ, बिलाच्या फोटोबरोबर ठेव. फिटिंग फ्री म्हणतायत ना, मग तिथेच बसून करून घे, आणि स्क्रीनवर बायोसमध्ये रॅम १६ जीबी, ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिक जोडीने चालू) दिसल्याशिवाय उठू नकोस.