मदत हवी आहे : फुटलेल्या पक्षात संघटनेचं बहुमत मोजायचं कसं?

मंडळी, पक्षफुटीवर टिपण लिहितोय आणि एका जागी अडलोय. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता टळायची. २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने ती सवलत गेली, उरलं फक्त दोन तृतीयांश आमदारांचं दुसऱ्या पक्षात विलीनीकरण. इथवर ठीक.

पण २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादीत कुणी विलीन वगैरे झालंच नाही. थेट 'आम्हीच मूळ पक्ष' असा दावा! निवडणूक आयोगाने दोन्ही वेळा विधिमंडळातलं बहुमत निर्णायक मानलं. उलट सर्वोच्च न्यायालय मे २०२३ मध्ये म्हणालं, प्रतोद (सभागृहात पक्षाचा आदेश काढणारा) नेमायचा तो राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटाने नव्हे. मला तरी या दोन्हींचा मेळ लागत नाही.

१९६९ च्या काँग्रेस फुटीनंतर आयोगाने आमदार-खासदारांपलीकडे पक्षाच्या संघटनेतलं बहुमतही तपासलं होतं. मग आज पदाधिकारी निवडून न येता वरून नेमले जात असतील, तर त्यांची पाठिंब्याची प्रतिज्ञापत्रं मोजून काय सिद्ध होतं? आणि शाखेतला साधा कार्यकर्ता या हिशोबात कुठे येतो की नाही?

कुणी वकील किंवा राज्यशास्त्रवाले असतील तर जरा उलगडून सांगा. कोण बरोबर, कोण गद्दार हा वाद कृपया नको.