आईसाठी नवीन फोन घ्यायचाय, जुन्यातलं सगळं नीट कसं न्यायचं?

खारीबिस्किट
मंडळी, आईचा फोन आता अगदीच रडतोय. ६४ जीबी भरलेत, व्हॉट्सॲपवर साधा फोटो उघडायचा म्हटलं तरी स्टोरेज फुल. बजेट १५ हजारापर्यंत. शनिवारी कल्याणला तिला घेऊन दुकानात गेलो तर बोर्डावर किंमत एक आणि बिलाच्या वेळी दुसरी, म्हणे ती किंमत अमक्या बँकेच्या क्रेडिट कार्डावर ईएमआय केला तरच, आणि वर टेम्पर्ड ग्लास, कव्हर, इन्शुरन्स घ्यावंच लागेल नाहीतर "ऑफर बसत नाही". इतकं भराभर बोलतात की आईला वाटतं आपल्यालाच काही कळत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. एका मॉडेलला चार्जर नाही, दुसऱ्याला हेडफोन जॅक नाही, आणि आई तर वायरवाले इअरफोन लावूनच भजनाची प्रॅक्टिस करते.

तिला खरी धास्ती वेगळीच आहे. भजनी मंडळाच्या चालींची रेकॉर्डिंग्ज, व्हॉट्सॲपचे मेसेज, आणि पेन्शन जमा होते त्या बँकेचं ॲप. यातलं एक जरी गेलं तरी नवीन फोनला ती हातच लावणार नाही. कुणी नुकता फोन बदललाय का? नीट सांगा प्लीज.

पावसाळी_छत्री
आधी दुकानाचं. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी सक्ती २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. सरळ म्हणा की इन्शुरन्स नको, फक्त फोनचं जीएसटी बिल द्या आणि त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, लिहा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करता येते. आणि पैसे देण्याआधी फोनवर *#०६# दाबून येणारा हाच १५ आकडी नंबर बॉक्सवरच्या नंबराशी जुळवा, मग KYM लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ ला एसएमएस करा. फोन ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट असेल तर तिथल्या तिथे कळतं. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

जॅकवाला फोन या बजेटमधे अजून मिळतो, थोडं शोधा. काकूंना सवय आहे तर ती मोडायला लावू नका.

डोंबिवली_फास्ट
मी हल्लीच सासऱ्यांचा बदलला. व्हॉट्सॲपसाठी गूगल ड्राइव्हच्या भानगडीत पडूच नका, फुकटचे १५ जीबी फोटो आणि मेलमधेच भरलेले असतात आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजतात. दोन्ही अँड्रॉइड असतील तर जुन्या फोनवर सेटिंग्जमधे चॅट्स, तिथे ट्रान्स्फर चॅट्स, नव्या फोनवर येणारा क्यूआर जुन्याने स्कॅन करायचा, झालं. दोन्ही फोन चार्जिंगला लावून शेजारी शेजारी ठेवा आणि मधे कुणाला हात लावू देऊ नका.

बँकेचं आणि यूपीआयचं मात्र शांतपणे करा. यूपीआय ॲप नव्या फोनवरून बँकेत नोंदवलेल्या सिमनेच एसएमएस पाठवतं, त्यामुळे ते सिम नव्या फोनमधे हवं आणि एसएमएस जाण्याइतका बॅलन्सही हवा. आमच्याकडे सगळं बरोबर होतं तरी व्हेरिफिकेशन फेल फेल येत होतं, शेवटी फोनमधलं दुसरं सिम बाहेर काढून ठेवलं, वायफाय बंद केलं, तेव्हा गेलं. पहिले २४ तास मोठी रक्कम जात नाही, साधारण ५००० ची मर्यादा असते, म्हणून लाईट बिल, औषधं वगैरे आधीच उरकून घ्या. आणि त्याच नंबराचं नवं सिम कार्ड घेणार असाल तर ते वेगळ्या दिवशी घ्या, सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे ओटीपीसुद्धा नाही.

कोथिंबीरवडी
रेकॉर्डिंग्जबद्दल कुणी बोललंच नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात आधी वाचवायला हवीत. गूगल फोटोजमधे फोटो व्हिडिओ जातात, रेकॉर्डर ॲपमधला आवाज जात नाही. तो फोनमधेच रेकॉर्डिंग्ज किंवा साऊंड रेकॉर्डर नावाच्या फोल्डरमधे पडून असतो. केबल लावून तो अख्खा फोल्डर लॅपटॉपवर उतरवा आणि एकेक फाईल उघडून वाजते का बघा. आमच्या मंडळातल्या एक मावशी दोन वर्षांपूर्वी वारल्या, त्यांच्या आवाजातला काकड्याचा अभंग एकीच्या फोनमधे होता, तिच्या मुलाने एक्स्चेंजमधे फोन देताना रीसेट मारला आणि तो गेला तो गेलाच. कुणी मुद्दाम केलं नाही, पण आजही पहाटे काकड्याला बसलो की चुकल्यासारखं होतं.

म्हणून जुना फोन महिनाभर तरी देऊ नका. एक्स्चेंजला मिळून मिळून किती मिळणार, आणि साइटवर दाखवतात एक, दारात माणूस आला की स्क्रॅच दाखवून निम्मं करतो.

खारीबिस्किट
@कोथिंबीरवडी वाचून अंगावर काटा आला. आज रात्रीच फोल्डर उतरवून घेतो. एक्स्चेंज कॅन्सल, जुना फोन घरातच राहील. आईला विचारलं तर ती म्हणते जॅकवालाच बघ, रंग कुठलाही चालेल.

अजून एक, कॉन्टॅक्टस काही सिममधे आणि काही फोनमधे असे विखुरलेत, आणि बऱ्याच जणींची नावं "भजन १", "भजन २" अशी आहेत. ते सगळे एकत्र गूगल अकाउंटवर कसे आणायचे?

डोंबिवली_फास्ट
कॉन्टॅक्टस ॲपच्या सेटिंग्जमधे इम्पोर्ट आहे, तिथे सिम निवडा आणि सेव्ह करताना काकूंचं जीमेल. फोनमधले असतील ते त्याच अकाउंटला मूव्ह करा. नावं मात्र त्यांच्याच शेजारी बसून बदला, भजन २ कोण ते त्यांनाच माहीत.